देवका दाईचं पायदळ

देवकाबाई ताकसांडे पंचवीस वर्षांत खरांगीच्या वाटेला गेली नव्हती. बोरखेडीहून खरांगी जेमतेम पाच किलोमीटर. वावरांच्या धुऱ्यांवरून सरळ गेलं की एक नाला लागतो, नाला ओलांडला की गावच. तिची एकुलती एक लेक, रीता, त्या गावात दिली होती. जावई धनंजय अजून तिथंच राहत होता. तरी कुणाच्या लग्नाला, कुणाच्या मयताला त्या बाजूला जायची वेळ आली, की देवकाबाई रोहण्यावरून एसटीचा लांबचा फेरा घ्यायची, आणि खरांगीच्या फाट्यावर गाडी थांबली की मान फिरवून पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत बसायची.

गावाला हे ठाऊक होतं. लोक म्हणत, बुढीची लेक तिथं गेली, जीव धजत नसेल. ते खरंच होतं, पण तेवढंच खरं नव्हतं.

देवकाबाई म्हणजे बोरखेडीची दाई. सासूच्या मागं मागं फिरून ती हे काम शिकली. त्र्याऐंशी साली आरोग्य केंद्रात तिचं महिनाभर प्रशिक्षण झालं आणि तिला ॲल्युमिनियमची एक पेटी मिळाली. आत कात्री, दोरा, साबण, नखं घासायचा ब्रश आणि मेणकापड. नवरा भैयाजी एका मोठ्या शेतकऱ्याकडं सालदार होता. पेटी बघून तो म्हणाला होता, "सरकारनं तुले डाक्टरीन केलं. आता मले चहा कोण देईन?" तो फार दिवस चहा प्यायला उरला नाही. चाळिशीच्या आतच काविळीनं गेला.

ज्या घरांत देवकाबाईला एरवी ओसरीच्या आत घेत नसत, त्या घरांत कळा सुटल्या की तिला थेट आतल्या खोलीत नेत. मूल हातात आलं, नाळ कापली, वार पडली, बाळंतीण धुऊनपुसून बाजेवर निजली, की देवकाबाई पुन्हा ओसरीवर. चहा यायचा तो कान तुटलेल्या कपात. पिऊन झाल्यावर कप विसळून कोनाड्यात पालथा घालायचं कामही तिचंच. तिच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा ती दोन वर्षांची होती. कोणापुढं हात पसरायचा नाही, हे बापानं तिला बोलायला शिकवतानाच शिकवलं होतं. त्या घरांमधून तिनं कधी काही मागितलं नाही. दिलं ते घेतलं, नाही दिलं तर पेटी उचलली आणि चालू लागली.

आणि मग एका पावसाळ्यात तिनं हे काम सोडलं. रीता गेली तो पावसाळा. लोक बोलवायला आले की ती दारातूनच म्हणायची, "रोहण्याच्या दवाखान्यात न्या. माह्यात आता ताकद नाई राह्यली." तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती आणि निंदणाला गेली की जवान बायांना मागं टाकायची. पुढं फोन केला की दारात येणाऱ्या सरकारी गाड्या सुरू झाल्या, घरी बाळंतपण करायचा प्रश्नच उरला नाही, आणि दाईनं काम का सोडलं हे विचारायचंही कुणाला सुचलं नाही.

रीताची तीन वर्षांची पोरगी, मयुरी, आजीकडं आली ती आजीचीच झाली. धनंजयनं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. देवकाबाईनं कापूस वेचून, तुरी सोंगून नातीला शिकवलं. मयुरी नर्स झाली. वर्ध्याच्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली, सिंदी मेघेत तिनं मैत्रिणीबरोबर खोली घेतली, आणि एक रविवार सोडून एक रविवार ती बोरखेडीला यायची. आजीची औषधं, साबण, कधी चिवडा घेऊन.

गावात एक छोटं संग्रहालय होतं. जुना कोंडवाडा बंद पडल्यावर निवृत्त झालेल्या गोपाल गुरुजींनी ग्रामपंचायतीकडून ती जागा मागून घेतली आणि तिथं वस्तू जमवल्या. मोट, तिफण, सरकी काढायचा लाकडी रेचा, धान्य मोजायच्या पायल्या, मातीचे रांजण. गुरुजींनी देवकाबाईची पेटीही मागून नेली होती. तिनं ती विनातक्रार दिली. तिला ती घरात नकोच होती.

कोंडवाड्याच्या छताला कवेलू होते आणि गावात वानरं. दर उन्हाळ्यात वानरांची टोळी छतावर नाचायची, दर पावसाळ्यात आत गळायचं. त्या वर्षी रांजण पाण्यानं भरले आणि रेच्याला बुरशी चढली. गुरुजी हताश होऊन ओट्यावर बसले असताना मयुरी तिथं गेली, आणि तिनंच ही पायदळाची, म्हणजे पायी चालून पैसे उभे करायची कल्पना काढली. तिच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरनं शहरात असं काहीतरी केलं होतं.

घरी येऊन तिनं आजीला सांगितलं.

"आजी, आपण बारा किलोमीटर पायदळ चालाचं. शेताशेतानं. जो चालते त्याच्या नावानं लोक पैसे लावतात. एका किलोमीटरमागं दहा रुपये, वीस रुपये, ज्याची जशी ऐपत. त्या पैशातून छत होईन."

"चालाचे पैसे?" देवकाबाई हसली. "सारी जिंदगी चालली मी. कोणी देल्ले नाईत."

"म्हणूनच तं. तुह्या नावानं सगळ्यात जास्त लोक लावतीन. अर्धा गाव तुह्या हातानं पैदा झाला."

नातीनं आजवर तिच्याकडं काही मागितलं नव्हतं. शाळेत असतानाही चप्पल तुटली तर स्वतःच तार लावून जोडायची. देवकाबाई हो म्हणाली.

मग मयुरीचा फोन दिवसभर वाजत राहिला. पुण्याहून, नागपूरहून, समुद्रपूरहून माणसं नाव लावत होती. कुणी लिहिलं, 'मी देवकाआजीच्या हातचा.' सगळ्यात मोठा आकडा भूपेंद्रनं लावला. मोतीलाल शेठ म्हणजे गावातला किराण्याचा आणि कापसाचा जुना व्यापारी. भूपेंद्र त्याचा नातू, आता पंचवीस वर्षांचा, खताबियाण्याचं दुकान चालवणारा. तो स्वतः घरी आला आणि बाजेवर बसून म्हणाला, "आजी, मी तुमचा पायाळू. किलोमीटरमागं शंभर रुपये, अन् तुमच्या संगं चालतो पण."

देवकाबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि नुसती मान हलवली. गावातल्या म्हाताऱ्या कंबर धरली की अजून त्याला बोलवून पाठीला पाय लावून घ्यायच्या. तो कधी नाही म्हणायचा नाही. पोरगा मनानं चांगला होता, आणि तेच तिला जड जायचं.

वाट कोणती, हे तिला दोन दिवस आधी कळलं. गुरुजींनी कागदावर नकाशा काढला होता. बोरखेडी, मग नाला, मग खरांगीच्या शाळेत चहापोहे, तिथून तलावाच्या पाळीवरून परत. ती कोंडवाड्यात गेली.

"गुरुजी, खरांगी काहून? इकडून कॅनॉलच्या बाजूनं न्या ना."

"कॅनॉलकडं खोदकाम चालू हाय, देवकाबाई. पोट्टे पडतीन त्या गड्ड्यात." गुरुजींनी चष्मा काढला. "काऊन? काही अडचण हाय का?"

"नाई," ती म्हणाली, "काई नाई."

सव्वीस जानेवारीच्या पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता सत्तर-ऐंशी माणसं कोंडवाड्यापुढं जमली. धुकं होतं. मयुरीनं सगळ्यांच्या छातीवर नंबर लावले, आजीला एक नंबर दिला. देवकाबाईनं पांढरं लुगडं नेसलं होतं, पौर्णिमेला विहारात जाताना नेसायची ते. पायात नातीनं आणलेले कॅनव्हासचे बूट. शाळकरी पोरं पुढं पळाली, गुरुजी त्यांच्या मागं शिट्टी वाजवत, आणि म्हातारी माणसं रेंगाळत निघाली.

पहिले दोन-तीन किलोमीटर बरे गेले. हरभरा घाट्यांवर आला होता, पोरं उपटून खात होती. सोंगलेल्या तुरीच्या पेंढ्या धुऱ्यावर उभ्या होत्या. वाटेतल्या वावरांतून बाया हाक मारत, "देवकाबाई, तुमी बी?" आणि ती हात वर करायची. तिला अजून चालता येत होतं, सत्तरी उलटली तरी. पाय काही विसरले नव्हते. भूपेंद्र तिच्या डाव्या बाजूला होता आणि दुकानातल्या गमती सांगत होता. मयुरी उजव्या बाजूला.

चौथ्या किलोमीटरला देवकाबाई बोलायची थांबली. पुढं नाला दिसू लागला, काठावरची सिंदीची झाडं, पलीकडं खरांगीच्या टाकीचा निळा ठिपका. बाकीचे लोक नाल्यातल्या गोट्यांवरून उड्या मारत पलीकडं गेले आणि गावाकडं वळले. देवकाबाई अलीकडच्या काठावर खाली बसली.

"तू जा, मयुरी. मी येत नाई."

"काय झालं? पाय दुखून राह्यले का?" मयुरीनं गुडघ्यावर बसून तिच्या बुटाची नाडी सोडली. "दाखव मले."

"पायाले काई नाई झालं."

"मंग? माय आठवली का?"

देवकाबाईनं तिच्या हातातून पाय मागं घेतला. इतकी वर्षं तिनं ठरवलं होतं की हे आपल्याबरोबरच जळून जाईल. पण पोरगी अशी समोर बसलेली, तिच्या पायाशी, आणि बाजूला भूपेंद्र उभा.

"तुह्या मायनं मले बोलावलं होतं," ती म्हणाली. "अन् मी गेली नाई."

मयुरीला एवढंच ठाऊक होतं की आपली आई दुसऱ्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं. पुढचं देवकाबाईनं सांगितलं ते नाल्याच्या पाण्याकडं बघत, एका दमात नाही, तुटक तुटक.

पोळा आठ-दहा दिवसांवर आला होता. सकाळी आठ वाजता मोतीलाल शेठच्या घरून तिला बोलावणं आलं. त्यांची सून रुख्मिणी अडली होती. देवकाबाईनं हात लावला आणि ओळखलं, मूल पायाकडून येत होतं. अकराच्या सुमाराला एक पाय बाहेर आला. त्याच वेळी बाहेर सायकल पडल्याचा आवाज झाला आणि धनंजयची हाक आली. "मामी, चाला! रीताले कळा सुटल्या, लय तरास होऊन राह्यला." रीताला अजून महिना होता. हे सगळं वेळेआधीच निघालं होतं.

देवकाबाई दारापर्यंत आली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले होते. आत एक बाई आणि एक अर्धं आलेलं मूल होतं. ती निघून गेली असती तर दोघंही गेली असती, यात तिला तेव्हाही शंका नव्हती आणि नंतरही कधी आली नाही.

"बंडी जुंपा," तिनं जावयाला सांगितलं. "तिले रोहण्याले न्या. मी हे सोडवलं की येतोच."

अंगणात शेठची जीप उभी होती. ड्रायव्हर चाकापाशी बसून सुपारी कातरत होता. जीप पाठवा, माझी लेक आहे, एवढेच शब्द तिच्या तोंडापर्यंत आले. पण त्या घरात तिनं कधी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. जीभ उचलली नाही. तेवढ्यात आतून रुख्मिणी ओरडली आणि ती आत वळली.

"देल्ली असती का नसती, मले माहीत नाई," देवकाबाई म्हणाली. "मी मागितलीच नाई. म्हणून कधी मालूम होणार बी नाई."

दीड वाजता मूल आलं. निळं, रडेना. तिनं त्याच्या तोंडाला तोंड लावून फुंकलं, पाठ चोळली, पुन्हा फुंकलं. ते रडलं तेव्हा घरभर आनंद झाला, आणि ती पेटी तिथंच टाकून या वाटेनं पळत सुटली. खरांगीपर्यंत तिला जावंच लागलं नाही. रोहण्याची गाडवाटही या नाल्यातूनच जायची; बंडी इथंच होती, नाल्यात. चाक चिखलात रुतलेलं, बैल तोंडानं फेस काढत होते, धनंजय चाकाला खांदा लावून उभा. बाळ घरीच झालं होतं, मेलेलं. वार पडली नव्हती. बंडीतली गोधडी भिजून खालच्या फळ्यांतून रक्त ठिबकत होतं.

"मी बंडीत चढली. सारं केलं. जे येत होतं ते सारं केलं." देवकाबाईचा आवाज कोरडा होता. "तिनं डोये उघडले. 'माय, आली का तू,' म्हणे. मी म्हटलं, आली. मंग ती काई बोलली नाई."

पलीकडच्या काठावर एक बाई बकऱ्या घेऊन आली, त्यांच्याकडं बघून पुढं गेली.

मयुरी बोलली तेव्हा ती नर्ससारखी बोलली. "वार किती वेळ अडकली होती?"

"बाराच्या आधी पोरगं झालं म्हणत होते. मी आली तवा अडीच वाजत आले असतीन."

"अडीच तास." तिनं मनाशी हिशेब केला आणि चेहरा पांढरा पडला. असे दोन तास, अर्धा तास, दहा मिनिटं ती दवाखान्यात रोज पाहत होती. किती वेळात काय करता येतं हे तिला आजीपेक्षा जास्त ठाऊक होतं. कुणी तज्ज्ञ हात वेळेत पोचला असता तर, हे वाक्य तिला पुरं करायची गरज नव्हती.

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तू माह्यापाशीच राहत होती ना, बापा. तुले सांगितलं असतं, तं तू कोणापाशी गेली असती?"

भूपेंद्र दोन पावलं मागं सरकला होता. त्याचं तोंड उघडं होतं. "म्हंजे मी..." तो म्हणाला. "आजी, तो पोट्टा मीच ना? माह्यामुळं..."

"तुहा काय दोष? तू तं जनमत होता."

मयुरी उठली, चपला हातात घेऊन नाला ओलांडला आणि मागं न बघता गावाकडं चालत गेली. देवकाबाईला वाटलं, आता ही येत नाही. पण अर्ध्या तासानं ती आली, आणि तिच्याबरोबर धनंजय होता. तिनं त्याचा दंड धरला होता, दवाखान्यात चक्कर आलेल्या माणसाचा धरतात तसा. तो म्हातारा दिसत होता. त्या मयतीनंतर आज पहिल्यांदा तो देवकाबाईच्या समोर उभा होता. त्या दिवशी सरणापाशी तो तिला म्हणाला होता, "साऱ्या गावचे लेकरं तुमी सोडवले, मामी. घरचं तेवढं नाई सोडवता आलं." त्यानंतर बोलणं नाही.

"बाबा," मयुरी म्हणाली, "मले आत जे सांगितलं ते इथं सांगा."

धनंजय वाळूकडं बघत राहिला.

"सांगा."

"कळा अकराले नोत्या सुटल्या," तो म्हणाला. "पहाटीच सुटल्या होत्या."

देवकाबाईनं मान वर केली.

"मी म्हटलं मामीले आणतो. तं माही माय म्हणे, दुसरी खेप हाय, आपोआप होते, कायले तिच्या मायले बोलावतं, ते येऊन साऱ्या घरावर हुकूम चालवते. मी मायचं ऐकलं. वावरात गेलो, पऱ्हाटीले खत द्याचं होतं. दहाले घरी आलो, तं ती..." तोंडावर दुपट्टा दाबून तो तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "तुमच्यावर टाकलं म्या सारं. मले पटत होतं टाकलेलं. तुमी काई बोलल्या नाईत, म्हणून आणखी पटलं."

राग यावा असं देवकाबाईला वाटलं, पण राग यायला जी जागा लागते ती तिच्यात उरली नव्हती. पंचवीस वर्षं ती अकरा वाजल्यापासूनचा हिशेब करत आली होती. अकरा ते दीड. त्यातलं एकेक मिनिट तिनं झिजवून टाकलं होतं. आता हिशेब पहाटेपासून मांडायचा. पहाटे ती घरीच होती. चूल पेटवत होती. सातपर्यंत घरीच. तो आला असता तर ती तशीच उठून निघाली असती, आणि आठ वाजता शेठकडचं माणूस तिच्या बंद दारावरून परत गेलं असतं. तिची नजर भूपेंद्रकडं गेली. तो खाली बसून गवताच्या काड्या मोडत होता, छातीवरचा नंबर वाऱ्यानं फडफडत होता. तिनं नजर काढून घेतली. ज्याला आपण तोंडानं फुंकून जीव दिला तो नसता, तर, असं मनात आणणंसुद्धा तिला जमेना. कुठल्याच बाजूनं दुःख करायला सुटी जागा नव्हती.

"जा घरी, जवाई," ती शेवटी म्हणाली. "उन्हात नका उभे राहू."

ती उठली आणि आली त्याच वाटेनं परत निघाली. मयुरी तिच्याबरोबर आली नाही. तिनं बाकीच्या लोकांबरोबर तलावाकडून पायदळ पुरं केलं. कुणाशी बोलली नाही म्हणे, पण पोरांना पाणी वाटलं, एकाच्या फोडाला पट्टी लावली. देवकाबाईच्या मागं दहा पावलांवर भूपेंद्र चालत होता. तिनं एकदा वळून त्याला जा म्हणून खूण केली. तो थांबला, आणि ती चालू लागल्यावर पुन्हा चालू लागला. तिच्या घराच्या कवाडाशी आल्यावर तो वळून गेला.

मयुरी संध्याकाळच्या गाडीनं वर्ध्याला गेली. जाताना आत आली, पिशवी उचलली, "गोळी घेजो वेळेवर," म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी रुख्मिणी आली. शेठच्या घरची बाई त्या वस्तीत पाय ठेवते, हे बघायला शेजारच्या बाया दारात उभ्या राहिल्या. रुख्मिणी बाजेच्या कडेला बसली. लेकानं घरी काय सांगितलं, कसं सांगितलं, हे तिनं बोलून दाखवलं नाही.

"मले तवा काईच समजत नोतं, बाई," ती म्हणाली. "मी शुद्धीवरच नोती. मंग समजलं, पण तुमच्यापुढं कोणत्या तोंडानं यावं? सासऱ्यानं लुगडं धाडलं होतं, तुमी परत धाडलं."

"हो. धाडलं."

"जीप मागितली असती तं..." रुख्मिणी थांबली. ती त्या घरात तीस वर्षं नांदली होती, आणि खोटं बोलायला आलेली नव्हती. "मले नाई सांगता येत," ती म्हणाली. "सासऱ्याचं काई सांगता येत नोतं."

तिनं पाणी मागितलं. देवकाबाईनं माठातून गडवाभर पाणी दिलं, ती ते प्यायली. मग ती गेली.

मार्चमध्ये कोंडवाड्यावर टिनाचं छत चढलं, वर जाळी. गुरुजींनी कार्यक्रम ठेवला, देवकाबाईला खुर्ची दिली, हार घातला. बाहेरगावची माणसं आली होती. एकानं आपली दोन पोरं आणून तिच्या पाया पडायला लावली आणि म्हणाला, ह्या आजीनं मले जगात आणलं. तिनं पोरांच्या डोक्यावर हात ठेवला. तिचे डोळे सारखे फाटकाकडं जात होते. मयुरीला सुट्टी मिळाली नव्हती. असं तिनं फोनवर सांगितलं होतं. फोन ती करायची, रविवारी करायची, पण त्यात औषध आणि जेवण याखेरीज काही नसायचं.

त्या दिवसांत देवकाबाई बारीक झाली. शेजारणी भाकर आणून देत, ती कुत्र्याला टाकी. धनंजय एकदा येऊन दारात तुरीच्या डाळीचं गाठोडं ठेवून गेला, आत आला नाही. तिनं ते आत घेतलं, डाळ डब्यात ओतली. विहारात ती पौर्णिमेला जायची, वंदना म्हणायची, आणि बायांमध्ये न बसता घरी यायची. मरण तिला नको होतं. नातीनं एकदा समोर यावं, एवढंच होतं.

मयुरी आली ती एप्रिलमध्ये, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दोन दिवस आधी. न सांगता. पिशवी खुंटीला टांगली, चूल बघितली, रिकामी होती. तिनं पिठलं केलं, भाकरी टाकल्या, आजीच्या ताटात वाढून समोर बसली. आजी जेवेपर्यंत उठली नाही. मग घमेल्यात कोमट पाणी आणून तिनं आजीचे पाय त्यात ठेवले आणि नखं काढायला घेतली. देवकाबाईची नखं दगडासारखी झाली होती. मयुरी खाली मान घालून एकेक बोट धरून कापत होती.

"मी खरांगीले जाऊन आली," ती म्हणाली. "दोनदा. बाबाले विचारलं, मायले कुठं जाळलं. त्यानं दाखवलं. तिथं आता कोणाचं तरी वावर हाय, संत्र्याचं."



"आजी, मले राग हाय. तुह्यावर हाय, बाबावर हाय, त्याच्या त्या मेलेल्या मायवर हाय. भूपेंद्र फोन करते, त्याच्याशी बोलतो मी, त्याच्यावर नाई. पण तुह्यावर हाय. मी तिथं वार्डात एखादी बाई पाहतो अन् मनात येते, तू जीप मागितली असती तं."

"हो," देवकाबाई म्हणाली. "माह्या बी मनात येते."

"जाईन का नाई हा राग, मले माहीत नाई."

"नाई गेला तं नाई गेला."

मयुरीनं दुसरा पाय पाण्यातून काढून पदरानं पुसला. तिचं नाक वाहत होतं, ते तिनं खांद्याला पुसलं. अंगठ्याचं नख फार जाड होतं, कात्री चालेना, तिनं ते पुन्हा पाण्यात भिजत घातलं.

"पण येत जाईन," ती म्हणाली.

"येत जाजो," देवकाबाई म्हणाली.